जागा धरायला

धानाच्या बांधीत दगड सापडत नाही. ढेकूळ सापडतं, खेकड्याचं बीळ सापडतं, कापणीत हरवलेला विळाही एखाद्या वर्षी सापडतो. पण बोऱ्याच्या, म्हणजे पोत्याच्या, कोपऱ्यावर ठेवायला दगड हवा असेल तर तो घरूनच न्यावा लागतो. म्हणून मंडईच्या दिवशी दुपारी मामी माझ्या हातात आधी चार दगड द्यायची आणि मग काखेत बोरा. दगड काळे, मुठीत मावणारे. दिसायला एवढेसे, पण नवख्या माणसानं उचलले की त्याचा हात एकदम खाली जायचा. मँगनीजचे दगड ते. खाणीतून चोरलेले वगैरे नाहीत. मामाच्या गावी, चिखल्यात, असा दगड वाटेवर, नाल्यात, कुंपणाच्या मुळाशी कुठेही पडलेला असतो. दाराला टेकू म्हणून तोच, लोणच्याच्या बरणीवर तोच, आणि मंडईच्या दिवशी बोऱ्याच्या चार कोपऱ्यांवरही तोच. वाऱ्यानं हलत नाही आणि हात लावणाऱ्याचा हात काळा करतो. जागा राखायला याहून चांगला राखणदार कुठला?

माझं काम एवढंच: तीन वाजता जायचं, बांधीत बोरा अंथरायचा, दगड ठेवायचे आणि बसून राहायचं. नाटक रात्री दहाला, म्हणजे साडेदहा-अकराला. मामाची दुसरी पाळी रात्री बाराच्या आसपास सुटायची. दरवर्षी कसं कोण जाणे, मंडईच्या आठवड्यात त्याची दुसरीच पाळी यायची. बदली करून घ्या म्हटलं की मामी म्हणायची, ‘‘पाळी का मंडई पाहून येते का बाप्पा?’’ तर मामा जमिनीखाली, आणि मी जमिनीवर त्याची जागा धरून. नऊ-दहा तास एका माणसाच्या नसण्यावर बसून राहायचं, असं ते काम. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. सुट्टीच होती.

पुण्यात राहायला गेल्यावर पहिल्या वर्षी दिवाळीनंतर मी खोलीतल्या मित्रांना सांगितलं, मंडईला चाललोय. एकानं पिशवी दिली आणि येताना मटार आण म्हणाला. त्याची मंडई महात्मा फुल्यांच्या नावाची, आठ कोनांची, भाजीची. आमची मंडई भाजीची नव्हे, माणसांची. दिवाळी संपली, भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरू लागतात. आज या गावाची, उद्या शेजारच्या गावाची. दोन जवळची गावं सहसा एकच दिवस धरत नाहीत, कारण पाहुणे तेच, जिलेबीवाला तोच आणि कधी कधी शाहीरही तोच. सासरच्या लेकी भाऊबीजेला आलेल्या असतात, त्या मंडईपर्यंत थांबतात. जावई मंडईच्या सकाळी येतात. सोयरिकीच्या गोष्टीही इथेच निघतात. पोरगी पाळण्याजवळ उभी आहे आणि लांबून कोणी तिला पाहून घेतंय, आणि तिला ते पक्कं ठाऊक आहे, असे प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेत. हलका धान तोवर कापून झालेला असतो, भारी अजून उभा. एका बांधीत धसकटं, शेजारच्या बांधीत पिवळं पीक, मधे धुऱ्यावर पुंजणं रचलेलं. त्या कापलेल्या बांधीत नाटक.

तुमसरहून आम्ही तिरोडीच्या गाडीनं यायचो आणि गोबरवाहीला उतरायचो. पुढे पायी, किंवा कोणाची सायकल मिळाली तर डबलसीट. गाडीत अर्धे लोक मध्यप्रदेशातले, बोली हिंदी की पोवारी की मराठी हे वाक्य संपल्यावर कळायचं. मँगनीजच्या वाघिणी बाजूच्या रुळावर उभ्या असत, आणि त्यांच्यातला माल वाघिणीच्या काठालाही पोहोचलेला नसे. लहानपणी वाटायचं, अर्ध्या रिकाम्या का नेतात? मामानं सांगितलं, भरल्या तर चाकं बसतील. वजन मापावं, आकार नाही, हे मला त्या वाघिणींनी शिकवलं.

चिखल्याची खाण शंभराहून अधिक वर्षांची. 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावानं इंग्रजांची एक कंपनी निघाली. तिच्याच पुढच्या अवतारातून 1962 मध्ये मँगनीज ओअर इंडिया, म्हणजे आजची मॉइल, आली. शेजारचं डोंगरी बुजुर्ग उघडं, डोंगर वरून खात जाणारं. चिखल्याचं काम मात्र पोटातलं. डोंगरीच्या दगडातलं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये भरतात हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी आम्ही पोरं जुने सेल दगडानं फोडायचो, आतली काळी भुकटी काढून फळ्यासारखं दारावर लिहायचो आणि मार खायचो. आपल्याच मातीशी खेळत होतो म्हणायचं. मामाचा टॉर्च, नाटकवाल्यांचा बॅटरीवरचा भोंगा, आजोबांचा रेडिओ, सगळ्यांच्या पोटात तीच काळी भुकटी. आमच्याकडून वाघिणीतून काळा दगड जायचा आणि दुकानातून लाल-निळ्या कागदात गुंडाळून परत यायचा, विकत.

पण मला खाणीबद्दल बोलायचं नव्हतं. तीन ते दहा या वेळेबद्दल बोलायचं होतं.

तीन वाजता बांधीत काहीच नसतं. म्हणजे चार खांब असतात, एका बाजूला बल्ल्यांचा ढीग असतो, आणि दोन-तीन माणसं माती खणत असतात. आमच्याकडे रंगमंच उभारायची एक जुनी रीत आहे. प्रेक्षकांच्या जागेवरची माती खणायची आणि ती पुढे टाकत मंचाचा उंचवटा करायचा. त्यामुळे बसायची जागा मंचाकडे उतरत जाते आणि मागच्यालाही दिसतं. एका कुदळीत दोन कामं. ज्या मातीवर राजा उभा राहणार ती माझ्या पायाखालून गेलेली असायची. बांधीचा मालक धुऱ्यावर बसून खर्रा घोटत हे सगळं पाहत असायचा. पुढच्या पावसाआधी त्याला ही जमीन पुन्हा सपाट करायची असते, पण त्या दिवशी त्याचा तोरा नाटकातल्या पाटलासारखा.

मी बोरा टाकायचो तेव्हा अजून सात-आठ बोरे पडलेले असत. माझ्याही आधी आलेले लोक कोण असतात, हा माझ्या कुतूहलाचा विषय होता. एक म्हातारा यायचा, घरात सुनेची कटकट नको म्हणून. दोन-तीन पोरं माझ्यासारखीच, कोणाकोणाच्या जागा धरणारी. एक बाई यायची बायकांच्या बाजूला, कुठल्या गावची कोणाला माहीत नसायचं, पाठीशी गाठोडं घेऊन बसायची आणि कोणाशी बोलायची नाही. लवकर येणाऱ्यांत हौशी कमी आणि बिनकामाचे किंवा बिनघराचे जास्त, असं माझं तेव्हापासूनचं निरीक्षण आहे. ज्यांची घरं माणसांनी आणि वड्यांच्या वासानं भरलेली असतात ते नऊ वाजता येतात, जेवून, पानं खाऊन, स्वेटर घालून.

बोऱ्यांचा एक अलिखित कायदा होता. बोरा सरकवता येतो, उचलता येत नाही. दगड एकाच कोपऱ्यावर असेल तर अर्धा बोरा दुमडून जागा घेता येते. चारही कोपऱ्यांवर असतील तर त्या जागेला सातबारा लागला. माणूस उठून पाणी प्यायला गेला तर शेजारचा राखणार. मामाचं मागणं ठरलेलं: पेटीच्या बाजूनं, पण खांबाआड नको. झाडीपट्टीच्या नाटकात वाजवणारे मंचासमोर खाली बसतात. ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅडही. मामाला नटांपेक्षा तबल्याची बोटं पाहायला आवडत. असं तो म्हणायचा तरी.

चार वाजता गावातून ढोलकी ऐकू यायची. चौकात खडी गंमत उभी राहिलेली असायची. ‘उभी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्या कलेला मंच नाही, पडदा नाही; मंडळी उभ्यानंच गातात, उभ्यानंच नाचतात, भोवती लोकांचं कडं, म्हणून ती खडी. गण, गवळण, लावणी, मग गंमत. ऐकायला मी जाऊ शकत नव्हतो, कारण बोरा. पण एकदा शाळेमागच्या हातपंपावर पाणी प्यायला गेलो तेव्हा तिथे एक माणूस लिंबाच्या बेचक्यात हातभर आरसा अडकवून दाढी करत होता. अंगात बनियन, खाली पोलकं-लुगडं गुंडाळून ठेवलेलं, घुंगरांची जोडी पंपाच्या दांड्यावर टांगलेली. तो पंप हापसायला मी दांडा धरला तर घुंगरू वाजले. तो वळला, अर्ध्या गालावर फेस, आणि म्हणाला, ‘‘हळू रे बाबू, आत्ता नको वाजवू. आत्ता मी माणूस हाओ.’’ तासाभरानं चौकातून जो हशा आणि शिट्ट्यांचा आवाज आला तो त्याच्याचसाठी असणार. मी बोऱ्यावर बसून तो ऐकला. बाकी सगळ्या गावानं त्याला बाई म्हणून पाहिलं. मी एकट्यानं त्याची दाढी पाहिली होती. कितीतरी दिवस मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर ती संपली असती असं वाटायचं.

नाटकमंडळी उजेड असतानाच यायची. वडसा म्हणजे या नाटकांची राजधानी. तिथे कंपन्यांच्या पाट्यांची रांगच्या रांग आहे, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचे टेम्पो चारही जिल्ह्यांच्या रस्त्यांवर फिरत असतात. टेम्पोतून आधी पेट्या उतरत, मग ऑर्गन चौघांच्या हातांवर, मग झोपाळलेली माणसं. आदल्या रात्री दुसऱ्या गावात पहाटेपर्यंत खेळ केलेला असतो, त्यामुळे सगळ्यांचे डोळे तांबडे. ती माणसं येऊन थेट तणसाच्या ढिगावर आडवी होत. राजा, खलनायक, विनोदी नोकर, राजाची दुःखी बहीण, सगळे एका रांगेत, तोंडावर टॉवेल घेऊन. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला पहिल्यांदा तो तणसाचा ढीगच आठवला. त्यांना मी त्या ढिगावर पाहिलेलं नाही, पण अशा किती ढिगांवर दुपारी टेकली असेल त्यांनी पाठ.

एका वर्षी त्या झोपलेल्यांतला एक जण सहा वाजता उठला, पत्रावळीवर भात घेऊन माझ्या बोऱ्याच्या काठाशी येऊन बसला. डाळीत मीठ कमी होतं. मला म्हणाला, ‘‘घर जवळ आहे का? चिमूटभर मीठ आणशील?’’ मी म्हटलं, जागा जाईल. तो म्हणाला, ‘‘मी बसतो न.’’ मी धावत गेलो, कागदात मीठ घेऊन आलो. तो खरंच माझ्या बोऱ्यावर बसून होता, मामाच्या जागेवर. रात्री तोच माणूस जरीचा अंगरखा घालून, हाताएवढी तलवार उपसून, सगळ्या बांधीला थरकाप सुटेल अशा आवाजात गरजला, आणि माझ्या शेजारचं पोरगं आजीच्या पदरात शिरलं. मला मात्र सारखं वाटत होतं, याला आता मीठ बरोबर लागलं असेल का. सगळं नाटक माझ्यासाठी त्या चिमटीभर मिठानं पातळ झालं. किंवा घट्ट झालं. नक्की ठरवता येत नाही.

मोठेपणी मी बऱ्याच ठिकाणी लवकर पोचलो. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी 1953 मध्ये सुरू केलेला. रमणबागेच्या मैदानावर मंडप असायचा त्या दिवसांत भारतीय बैठकीचं तिकीट काढून आम्ही दार उघडायच्या आत रांगेत उभे असायचो, हातात सतरंजी, डब्यात साबुदाण्याची खिचडी, आणि दार उघडलं की सुसंस्कृत माणसं कशी पळतात ते पाहण्यासारखं असे. नाशिकला द्राक्षांच्या मळ्यातला सुला फेस्टही एकदा पाहिला. पोरं तंबू ठोकून राहिलेली, दुपारी मंचावर फक्त वायरी आणि एक माणूस ‘चेक, चेक’ म्हणत. तो ‘चेक’ ऐकला आणि मला बांधीचा वास आला. तिथे हातावरच्या कागदी पट्ट्याच्या रंगावरून कोण कुठे बसणार ते ठरत होतं. बोऱ्यावरच्या दगडाला तिथे काम नव्हतं.

आणि जे मी पाहिलं नाही, फक्त वाचलं, ते वुडस्टॉक. ऑगस्ट 1969, न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ एका दूधवाल्या शेतकऱ्याचं कुरण. त्या महोत्सवाचं नाव निघालं की लोक चिखल, केस आणि गिटार यांबद्दल बोलतात. माझा जीव मात्र त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत अडकतो. कुंपण पुरं व्हायच्या आत, तिकिटांच्या खिडक्या लागायच्या आत हजारो पोरं येऊन कुरणात पसरली होती. संयोजकांपुढे प्रश्न: उरलेल्या वेळात मंच पुरा करायचा की कुंपण? त्यांनी मंच पुरा केला. जे लवकर आले त्यांनी नुसतं येऊन, बसून, तो महोत्सव सगळ्यांसाठी फुकट करून टाकला. आणि शेवटचा मोठा वादक, जिमी हेंड्रिक्स, मंचावर आला तो सोमवारी सकाळी. तोवर बहुतेक लोक चिखल तुडवत घरी निघाले होते. इतक्या लांबच्या त्या कुरणात कोणीतरी, कोणासाठी तरी, एखादी चादर टाकून जागा धरली असेलच. ज्याच्यासाठी धरली तो पोचला का, हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

मामा पोचायचा. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर कधीतरी मागच्या अंधारात टॉर्चचा पिवळा गोल हलायचा. लोकांच्या डोक्यांवरून, पायांवरून, ‘‘जाऊ द्या जी, जाऊ द्या,’’ करत तो गोल माझ्यापर्यंत यायचा. आंघोळ केलेली असायची, पण नखांच्या कडा आणि कानामागची रेघ काळीच. त्याच्या अंगाला साबणाचा आणि त्याखाली ओल्या दगडाचा वास. बसायचा, मांडी घालायचा, माझ्या हातातला शिंगाडा घेऊन सोलायचा आणि विचारायचा, ‘‘का झाला गा भासा आतापर्यंत?’’ मी भराभर सांगू लागायचो: राजाचा भाऊ कसा फितूर झाला, बहिणीचं लग्न कोणी मोडलं, नोकरानं पत्र कुठे लपवलं. तो हं, हं म्हणायचा. तिसऱ्या ‘हं’ला त्याची मान माझ्या खांद्यावर यायची.

मी पाच-सहा वर्षं मामासाठी जागा धरली. त्यातल्या एकाही वर्षी त्यानं नाटक पाहिलं नाही. तबल्याची बोटंही नाहीत. त्याचं डोकं आधी खांद्यावर, मग मांडीवर, आणि मी हललो तर उठेल म्हणून न हलता बसलेला मी. पायाला मुंग्या यायच्या. मंचावर तलवारी खणखणत, लावणीला शिट्ट्या पडत, विनोदी नोकर खाली उडी मारून प्रेक्षकांतून पळत जाई. मामा कशानं उठत नसे. आठ तास अंधारात काम केलेल्या माणसाला उजेडाच्या समोर इतकी गाढ झोप लागते, हे मी तिथे पाहिलं. कधी कधी जमिनीखालून एक हादरा यायचा, बोऱ्याला कळेल एवढाच. तिसऱ्या पाळीनं सुरुंग उडवला असेल. तेव्हा तो झोपेत हात किंचित हलवायचा.

पहाटे भैरवी झाली की मी त्याला उठवायचो. तो डोळे चोळत म्हणायचा, ‘‘जमला यंदा नाटक!’’ मग आम्ही धुऱ्याधुऱ्यानं घरी निघायचो. दव पडून धसकटं ओली, पायांतल्या वहाणा हातात घेतलेल्या, आंबागडच्या बाजूच्या टेकड्या काळ्या. त्या वाटेवर मी त्याला सगळं नाटक सांगायचो. त्या वेळी तो टक्क जागा असायचा. मधेच थांबवायचा. ‘‘बहिणीनं रडताना भाऊ म्हटलन का दादा म्हटलन?’’ असं काहीतरी विचारायचा. मला आठवत नसलं तर मी ठोकून द्यायचो. घर येईस्तोवर चौथा अंक संपवायचा, म्हणून काही प्रसंग गाळायचो, काही रुचले नसतील तर बदलायचोही. एका नाटकात मी राजाच्या भावाला माफी देऊन टाकली होती. खऱ्या नाटकात त्याचा कडेलोट झाला होता.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला त्याच्या पाळीतले दोन-तीन जण आले होते. त्यांतला एक वयस्क माणूस भिंतीला टेकून बसला होता. मला म्हणाला, ‘‘तुमचा मामा नाटक लय भारी सांगे. खाली जेवणाच्या सुट्टीत डबा सोडाच्या आधी आमी म्हणू, अगोदर नाटक.’’ आणि तो मला एक नाटक सांगू लागला. राजा होता, फितूर भाऊ होता, माफी होती. पण त्यात एक मीठ मागणारा भिकारीही होता, जो शेवटी देव निघतो. मी हे कधी सांगितलं नव्हतं. मिठाची गोष्ट मी मामाला एकदा सांगितली असेन, नाटकाबाहेरची म्हणून. त्यानं ती खाली नेऊन नाटकात घातली होती. खाणीच्या पोटात, टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात, ज्यांनी मंडई पाहिली नाही अशा माणसांना तो न पाहिलेलं नाटक सांगत होता, एका पोरानं अर्धवट पाहून बदललेलं. त्या नाटकाचा लेखक वडशात कुठेतरी असेल. त्यानं आपलं नाटक ओळखलं असतं का, कोण जाणे.

गेल्या कार्तिकात बऱ्याच वर्षांनी मंडईला गेलो. मामी थकली आहे, पण वड्यांसाठी लाखोरीची डाळ तिनं स्वतः वाटायला घेतली होती. तीन वाजता मी उठलो तेव्हा म्हणाली, ‘‘आतापासून काहून जाता? आता खुर्च्या रायतेत.’’ जावयांना करतात तसा अहो-जाहोचा मान ती आता भाच्यालाही देते. भाच्याला मान द्यायचाच असतो आमच्याकडे, पण लहानपणी बोरा अंथरायला पाठवताना तिला तो आठवत नसे. मी म्हटलं, बसतो जाऊन. तिनं न बोलता आतून बोरा काढून दिला. युरियाचा, प्लास्टिकचा. तागाचे आता कुठे मिळतात.

बांधी तीच होती की शेजारची, नीट सांगता येणार नाही. धुरे बदललेत. लोखंडी मंच उभा राहत होता, माती खणलेली नव्हती. पांढऱ्या-लाल प्लास्टिक खुर्च्यांच्या चळती एका टेम्पोतून उतरत होत्या. मंचामागे मोठा चमकता पडदा लागणार होता. त्याच्यावर आत्ताच आकडे पळत होते. खुर्च्यांच्या पुढे मात्र दोन हात जागा अजून मोकळी ठेवतात, पोरांसाठी आणि खुर्चीत न बसणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. तिथे मी बोरा अंथरला. प्लास्टिकचा असल्यानं तो लगेच एका बाजूनं उडाला. दुसऱ्या बाजूला पाय दिला तर पहिली उडाली. खिसे चाचपले. दगड घरी राहिले होते, म्हणजे मी मागितलेच नव्हते. धुऱ्यापर्यंत जाऊन आलो. ढेकळं होती, उचलली तर हातात फुटली. एक पोरगं टेम्पोजवळून हे बघत होतं, हसत होतं.

शेवटी मीच बोऱ्याच्या मधोमध बसलो. वजनाला मीच.

नट आले होते. टेम्पोच्या सावलीत सतरंजीवर रांगेनं झोपले होते, एकाच्या कानात मोबाईलची वायर. वाजवणाऱ्यांतला एक जण उठून आला, ऑर्गनचं झाकण उघडलं, आणि एकच सूर धरून ठेवला. बराच वेळ. कापलेल्या बांधीवरून तो सूर लांब गेला; पलीकडच्या भारी धानात कोणीतरी काम करत होतं, त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. शिंगाडेवाली टोपली डोक्यावरून उतरवत होती. खाणीचा भोंगा झाला. पाळी बदलली असणार. घड्याळ मी पाहिलं नाही.

एक म्हातारबाबा काठी टेकत आले, खुर्च्यांकडे पाहून तोंड वाकडं केलं, माझ्या बोऱ्याशी थांबले.

‘‘इथं कोनी येनार हाये का जी?’’

मी मागे रस्त्याकडे पाहिलं. मग थोडा सरकून बसलो, आणि उडू लागलेला कोपरा पायाखाली घेतला.